लकवा झालेल्या माणसाला घरी आणल्यावर: केअरगिव्हरचं काम नेमकं काय आणि ते कसं करायचं

घरात कुणाला अर्धांगवायू झाला की पहिले आठ-दहा दिवस सगळं घर हॉस्पिटलमध्येच असतं, कुणी डबा आणतंय, कुणी रात्री बाकावर झोपतंय, कुणी मेडिकलमध्ये पळतंय. मग डिस्चार्जची तारीख येते आणि कुणी कुणाला न विचारताच ठरून जातं की आता घरी बघणार कोण. बहुतेक वेळा ती बायको असते नाहीतर सून, नाहीतर जवळ राहणारी मुलगी. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची ना कुणाची काळजी घेण्यात रोज वेळ घालवतात असं दिसलं, पुरुषांमध्ये हेच प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास. यात लहान मुलांची काळजीही धरलीये, तरी चित्र आपल्याला ओळखीचंच आहे.

मी बाबांच्या आजारपणात हे सगळं केलंय, त्यांची उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं होतं. खाली लिहिलंय ते त्यातून, वॉर्डातल्या सिस्टरांकडून आणि व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओकडून शिकलेलं आहे. डॉक्टरांनी तुमच्या पेशंटबद्दल काही वेगळं सांगितलं असेल तर तेच धरून चाला.

आधी हे काम काय आहे ते समजून घ्या

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात केअरगिव्हरची व्याख्या दिलीये: दिव्यांग व्यक्तीला काळजी, आधार किंवा मदत देणारी कुणीही व्यक्ती, आईवडील आणि घरातले लोक धरून, पैसे घेऊन किंवा न घेता. म्हणजे तुम्ही "घरचंच तर आहे" म्हणून जे करताय त्याला कायद्यात नाव आहे, हे मला तरी कळल्यावर बरं वाटलं होतं.

प्रत्यक्षात या कामाचे तीन भाग पडतात. पहिला शरीराचा, म्हणजे खाणं, शी-शू, आंघोळ, कूस बदलणं. दुसरा लक्ष ठेवण्याचा: काल होतं तसंच आज आहे का, काय बदललं, ते डॉक्टरांना सांगायचं, कारण डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं बघणार आणि तुम्ही चोवीस तास. आणि तिसरा भाग, जो सगळ्यात जास्त राहून जातो, तो म्हणजे त्या माणसाला जे जे स्वतः करता येईल ते त्याला करू देणं. आपल्याकडे प्रेमाने सगळं भरवायची, सगळं हातात द्यायची सवय असते आणि लकव्यात नेमकं तेच नुकसान करतं, कारण मेंदू परत शिकतो तो वापरूनच. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी होते आणि नंतरही हळूहळू होत राहते. या काळात चमचा डाव्या हाताने धरून अर्धं सांडलं तरी चालेल पण धरू द्या, शर्टाचं एक बटण त्यांचं त्यांना लावू द्या, दहा मिनिटं लागली तरी.

डिस्चार्जच्या आधी, वॉर्डात असतानाच

घरी जायच्या निदान दोन दिवस आधी सिस्टरना सांगा की मला कूस बदलायला, डायपर बदलायला, नाकात नळी असेल तर त्यातून फीड, म्हणजे पातळ अन्न, द्यायला शिकवा, आणि एकदा त्यांच्यासमोर स्वतः करून बघा. नुसतं बघून येत नाही. बहुतेक सिस्टर आनंदाने शिकवतात, फक्त सकाळच्या राउंडच्या गडबडीत नका विचारू, दुपारी विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. गिळण्याची तपासणी झालीये का आणि तोंडाने काय द्यायचं, काय नाही? नाकातली नळी किंवा लघवीची नळी कधी बदलायची, कोण बदलणार? बीपी आणि शुगर किती ते किती चालेल, कितीच्या वर गेलं की फोन करायचा? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? फिजिओ कधीपासून? डिस्चार्ज समरी, सीटी-एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी, सगळं ताब्यात घ्या आणि समरीचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवून ठेवा, रात्री दोनला गरज पडते तेव्हा फाइल सापडत नाही.

खोली आणि सामान

खोली बाथरूमजवळची आणि उजेडाची निवडा, आणि शक्यतो जिथून घरातलं बोलणं ऐकू येतं अशी, मागच्या खोलीत एकटं ठेवलं की माणूस लवकर खचतो. डोकं वर होणारा हॉस्पिटलचा बेड भाड्याने मिळतो, मेडिकल सामान भाड्याने देणारी दुकानं आता तालुक्याच्या गावातही असतात, डिपॉझिट घेतात. विकत घ्यायची घाई करू नका, तीन महिन्यांनी कदाचित लागणारही नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल एवढी जागा ठेवा.

बाकी सामान: एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी), अंडरपॅड, डायपर, युरीन पॉट, कमोड चेअर, बीपी मशीन, थर्मामीटर, ग्लोव्हज, चार-पाच जास्तीच्या उशा आणि जुन्या मऊ सुती साड्या. साडी चार पदरी दुमडून पेशंटच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी अंथरून ठेवली की दोघांनी दोन बाजूंनी धरून माणूस उचलून वर सरकवता येतो, कातडी घासली जात नाही आणि आपली कंबरही वाचते. बाजारात यासाठी वेगळी शीट मिळते पण साडीइतकं सोयीचं मला काही सापडलं नाही.

एअर बेड लावला म्हणजे कूस बदलायची गरज नाही असं दुकानदार सांगतात, ते खरं नाही. शिवाय लाइट गेली की पंप बंद पडतो, हवा उतरते, आणि माणूस पुन्हा कडक गादीवर.

कूस बदलणं, आणि बेडसोअर

घरी सांभाळताना सगळ्यात जास्त कुठल्या गोष्टीची धास्ती घ्यायची तर बेडसोअरची. एकाच जागी दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते, आणि एकदा जखम पडली की भरायला महिने जातात. माकडहाड, कुल्ल्यांची हाडं, टाचा, घोटे, कोपर, खांदे आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज सकाळी उजेडात बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा, दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे दाब येऊ द्यायचा नाही आणि तिथे तेल लावून चोळायचं तर अजिबात नाही, आपल्याकडे लगेच खोबरेल घेऊन मालिश सुरू होते आणि आतली कातडी अजून फाटते.

साधारण दर दोन तासांनी कूस बदला. पद्धत अशी. समजा तुमच्याकडे वळवायचंय. आधी सांगा, "बाबा, आता इकडे वळवतेय", झोपेत असले तरी सांगा. पलीकडचा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा. पलीकडचा हात छातीवर आडवा घ्या, अलीकडचा हात अंगाखाली सापडणार नाही असा थोडा बाजूला. मग तुमचा एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कुल्ल्यामागे, आणि तुमच्याकडे ओढा, तुमचे गुडघे वाकलेले आणि पाठ सरळ. वळले की पाठीमागे एक उशी तिरकी लावा म्हणजे पूर्ण कुशीवर न राहता साधारण ३० अंशात टेकून राहतील, कुल्ल्याच्या हाडावर थेट भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. आणि पोटरीखाली एक अशी की टाच हवेत राहील. लकव्याच्या बाजूवर झोपवताना तो खांदा हलकेच थोडा पुढे घ्या, अंगाखाली दबू देऊ नका.

रात्रीचं काय, असं सगळेच विचारतात. रात्री दर दोन तासांनी उठणारी व्यक्ती आठवड्यात कोसळते. म्हणून रात्र दोघांत वाटा, एक जण रात्री एकपर्यंत, दुसरा पुढे. कातडी चांगली असेल आणि बेड चांगला असेल तर रात्री थोडं अंतर वाढवता येईल का ते डॉक्टरांना विचारा, काही पेशंटना चालतं.

लकव्याचा हात ओढायचा नाही

हे वेगळं लिहितेय कारण हे सगळीकडे होतं. उठवताना, बसवताना, कपडे घालताना पटकन तो लुळा हात धरून ओढला जातो. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निखळायला आलेला असतो, आणि एकदा खांदा दुखायला लागला की पेशंट फिजिओला हात लावू देत नाही, महिने वाया जातात. काखेत हात घालून उचलणंही तितकंच वाईट. बसलेले असताना तो हात उशीवर किंवा मांडीवर टेकलेला हवा, लोंबकळत नको. शर्ट घालताना आधी लकव्याचा हात बाहीत, काढताना आधी चांगला हात.

व्हीलचेअरवर घेताना खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी चिकटवून लावा. ब्रेक लावलेत का ते दोनदा बघा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. पेशंटला कडेला सरकवा, दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, पायात न घसरणाऱ्या चपला. तुमच्या गुडघ्याने त्यांच्या कमजोर गुडघ्याला टेका द्या म्हणजे तो दुमडणार नाही. कंबरेला रुंद पट्टा बांधलेला असेल तर तो धरा. त्यांना पुढे झुकायला सांगा, एक दोन तीन म्हणा, उभं करा, वळवा, बसवा. तुमच्या गळ्यात हात टाकायला सांगू नका, तोल गेला तर दोघंही पडाल. माणूस जड असेल तर एकट्याने करूच नका.

जेवण: पाणी सगळ्यात अवघड असतं

घन पदार्थ घशात अडकतील आणि पाणी सोपं जाईल असं वाटतं, लकव्यात उलटं असतं. पाणी पातळ, ते झटकन घसरतं आणि गिळण्याची क्रिया मंद झालेली असते, त्यामुळे ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची तपासणी होऊन हो म्हटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, भेटायला आलेल्यांनी आणलेलं तीर्थ, प्रसादाचा शिरा, शहाळ्याचं पाणी, काहीही नाही. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही बाथरूममध्ये असताना कुणीतरी मायेने चमचाभर पाणी पाजतं.

तोंडाने चालू झालं की पूर्ण ताठ बसवून द्या, आडवं ठेवून नाही. टीव्ही बंद. दाटसर पदार्थ बरे: मऊ गुरगुट्या भात आणि घट्ट वरण एकजीव करून, नाचणीचं दाट सत्त्व, कुस्करलेलं केळं, दुधात भिजवून पूर्ण मऊ केलेली भाकरी, घट्ट दही. भाताची शितं वेगळी आणि पाणी वेगळं अशी पेज देऊ नका, दोन प्रकार एकत्र असले की गिळणं चुकतं. पाणी किंवा चहा दाट करायची पावडर मेडिकलमध्ये मिळते, किती दाट करायचं ते स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं-गिळणं परत शिकवणारे, सांगतात.

लहान चमचा, अर्धा भरलेला. तुम्हीही बसूनच भरवा, उभं राहून भरवलं की त्यांची मान वर जाते आणि घास चुकीच्या वाटेने उतरतो. घास चांगल्या बाजूच्या गालात ठेवा. गिळलं का ते गळ्याकडे बघून कळतं, घाटी वर जाऊन खाली येते, मगच पुढचा घास. मध्येच "आ" म्हणायला सांगा, आवाज ओला, घशात पाणी साचल्यासारखा आला तर थांबा, खोकायला सांगा. जेवण झाल्यावर लकव्याच्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघा, तिथे घास साठून राहतो आणि त्यांना कळत नाही. मग तोंड स्वच्छ, आणि निदान अर्धा तास बसलेलंच ठेवायचं. दात सकाळ-संध्याकाळ घासायचे, दात नसतील तर हिरड्या आणि जीभ ओल्या गॉजने पुसायची, तोंडातले जंतू छातीत उतरतात म्हणून हे फार महत्त्वाचं आहे.

नाकातली नळी असेल तर नळीवर नाकपुडीजवळ मार्करने खूण करून घ्या. प्रत्येक फीडच्या आधी खूण जागेवर आहे का बघा, सिस्टरने शिकवलं तसं सिरिंजने ओढून बघा. खूण सरकली असेल, खोकला येत असेल, धाप लागत असेल तर फीड द्यायचं नाही, फोन करायचा. डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवून फीड आपोआप उतरू द्या, सिरिंजचा दट्ट्या दाबून ढकलू नका, आणि शेवटी पाणी घालून नळी धुवा. नळी निघाली तर घरी परत घालायचा प्रयत्न करू नका. गोळ्या कुटून देताना विचारून घ्या, काही गोळ्या हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या कुटायच्या नसतात.

अजून एक. उजव्या मेंदूला इजा झालेल्या बऱ्याच जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातलं उजवीकडचं सगळं संपतं आणि डावीकडची भाजी तशीच. नजर अधू झालेली नसते, ती बाजू मेंदूला दिसतच नाही. ताट फिरवून द्या, आणि हळूहळू डावीकडे बघायची आठवण करत राहा.

शी, शू, आंघोळ, आणि लाज

डायपर दर दोन-तीन तासांनी तपासा आणि ओला असेल तर बदला, "अजून भरलं नाही" म्हणून ठेवू नका. पुसताना पुढून मागे. कातडी पूर्ण कोरडी झाल्यावर झिंक असलेलं क्रीम पातळसं लावा, पावडर घड्यांमध्ये साचून गोळे होतात. लघवीची नळी असेल तर पिशवी कायम कंबरेच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, आणि पूर्ण भरायच्या आत रिकामी करायची. व्हीलचेअरवर घेताना पिशवी मांडीवर ठेवायची चूक होते, लघवी उलटी जाते. लघवी गढूळ, घाण वासाची, सोबत ताप किंवा अचानक बडबड असं दिसलं तर डॉक्टरांना कळवा.

शक्य असेल तर डायपरपेक्षा ठरलेल्या वेळी युरीन पॉट आणि कमोड चेअर, सकाळी चहानंतर, जेवणानंतर. बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होतो. इसबगोल स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याला भरपूर पाणी लागतं आणि इथे पाण्याचीच अडचण असते, डॉक्टरांकडून योग्य औषध घ्या.

आता लाजेबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. आयुष्यभर ज्यांनी आपल्यासमोर बनियनवर बसायचंही टाळलं त्या सासऱ्यांना सुनेने स्वच्छ करायचं, किंवा मुलाने आईला, दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. पेशंट चिडतो, हात झटकतो, रडतो, आणि आपण समजतो की हट्टीपणा करतोय. करून बघा: खोलीचं दार लावा, बघ्यांना बाहेर काढा, अंगावर चादर ठेवून फक्त लागेल तेवढाच भाग उघडा, आणि त्यांच्या चांगल्या हातात ओला रुमाल देऊन जेवढं पुसता येईल तेवढं त्यांनाच पुसू द्या. पुरुष पेशंटला या कामापुरता तरी मामा (पेशंट सांभाळणारा पगारी माणूस) किंवा ब्रदर (पुरुष नर्स) मिळाला तर बघा, रोज सकाळी तासभर येणारे मिळतात. आणि त्यांच्यासमोर "आज तीनदा झाली" असा हिशोब पाहुण्यांना सांगू नका. बोलता येत नसलं तरी ऐकू येतं, बऱ्याच वेळा कळतंही सगळं.

बोलणं गेलं असेल तर

शब्द सापडत नाहीत म्हणजे बुद्धी गेली असं नाही. हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारा, एका वेळी एकच. "चहा की दूध की अजून काही" असं नको, "चहा हवा?" असं. चित्रांचा एक कागद करा, पाणी, शू, दुखतंय, थंडी, पंखा, मोबाईलवर फोटो काढूनही चालतात. मोठ्याने बोलू नका, बहिरे नाहीयेत ते.

एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीये. बाबांना "पाणी" म्हणता येत नव्हतं, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर आरती सुरू केली की पहिली ओळ संपायच्या आत ते सुरात सुरू व्हायचे, शब्दासकट, आणि पाढे म्हणायला लागलं की दोनचा पूर्ण. फिजिओ आणि स्पीच थेरपिस्ट दोघांनी सांगितलं की पाठ झालेलं आणि गायलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, ते टिकून राहतं, त्याचा बोलणं परत आणायला उपयोग करून घेतात. म्हणून घरात रोज थोडा वेळ श्लोक, अभंग, जुनी गाणी, जे त्यांना पाठ असेल ते, सोबत म्हणा.

अचानक रडू फुटणं किंवा कारण नसताना हसू येणं हाही आजाराचाच भाग असतो. पण सतत गप्प, जेवण नको, फिजिओ नको, असं दोन आठवडे राहिलं तर ते डिप्रेशन असू शकतं, त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगा.

कधी वाट बघायची नाही

चेहरा वाकडा, हात पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही नव्याने दिसलं की १०८ ला फोन, आणि माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि सगळ्यांनाच देता येत नाही. फोन करताना सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल विचारा.

फिट येऊन अंगाला झटके आले तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. एका पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर चोळायचं नाही, दाखवायचं, आत गुठळी असू शकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बारीक असला तरी हॉस्पिटल, शी डांबरासारखी काळी झाली तरी. जेवल्यावर ताप आणि छातीत घरघर, अचानक गुंगी, सहा-आठ तास लघवी नाही, हेही त्याच यादीत.

आणि कुणीतरी येऊन सांगेलच, अमक्या गावात लकव्याचं औषध देतात, कबुतराच्या रक्ताने मालिश करा. त्या माणसाशी भांडू नका पण करूही नका, संसर्गाशिवाय त्यातून काही मिळत नाही, आणि त्या नादात बीपीची गोळी बंद केली जाते जी परत अटॅक येण्यापासून वाचवत असते. लकव्याच्या बाजूला स्पर्श कळत नाही म्हणून गरम पाण्याची पिशवी, शेक, हेही नको, भाजतं आणि कळत नाही.

मावशी किंवा मामा ठेवताना

पेशंट सांभाळायला मावशी-मामा पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस घेताना आधार कार्डची कॉपी, मागच्या एका घराचा फोन, आणि पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का, एवढं बघाच. आया आणि नर्स वेगळ्या. इंजेक्शन, नळी घालणं, जखमेचं ड्रेसिंग हे शिकलेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या नर्सचं काम, मावशींना ते करायला लावू नका. पहिले दोन दिवस सुट्टी काढून सोबत राहा आणि तुमच्या पेशंटची पद्धत दाखवा.

काम काय काय ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, पेशंटचंच की बाकीचंही, सुट्टी कधी, सुट्टीत बदली कोण. चोवीस तासांच्या ड्युटीला कुणीच चोवीस तास जागं राहू शकत नाही, त्यांना झोपायला सलग वेळ आणि जागा द्या, आपल्यासारखंच जेवण द्या. एटीएमचा पिन आणि कपाटाची चावी मात्र घरच्यांकडेच. माझं मत विचाराल तर बारा तासांची दिवसाची मावशी आणि रात्री घरचे, ही व्यवस्था जास्त टिकते.

कागदपत्रं

हे पहिल्या महिन्यात कुणालाच सुचत नाही, पण करा. सही येत नसेल तर बँकेत अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो, आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला घरबसल्या सरकारच्या जीवन प्रमाण सोयीतून मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमनला घरी बोलावूनही. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) पेशंटला समजत असेल तोवरच करता येतं, पूर्ण बेशुद्ध असेल तर पालक नेमण्यासाठी हायकोर्टात जावं लागतं, म्हणून समज चांगली असताना वकिलाशी बोला. अपंगत्व कायमचं दिसतंय असं डॉक्टर म्हणाले तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या. ७० वर्षं पूर्ण असतील तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालंय. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

घरातल्यांची वाटणी आणि तुम्ही स्वतः

पहिल्याच आठवड्यात सगळी भावंडं एकदा बसा, लांबची व्हिडिओ कॉलवर. "काही लागलं तर सांग" या वाक्याला अर्थ नसतो, काम नावानिशी द्या. अमेरिकेतला भाऊ औषधं आणि डायपर ऑनलाइन मागवेल, बिलं भरेल, त्याचा दिवस असतो तेव्हा आपली रात्र असते म्हणून रात्री बाबांना झोप नसेल तर कॉलवर गप्पा मारेल. नागपूरची ताई तीन महिन्यांतून पंधरा दिवस येऊन राहील आणि त्या पंधरा दिवसांत वहिनी माहेरी जाईल. पैसे कोण किती देणार हे तेव्हाच लिहून ठेवा. जी व्यक्ती नोकरी सोडून सांभाळतेय तिचं गेलेलं उत्पन्न या हिशोबात धरा, हे बोलायला अवघड जातं पण नंतर याच्यावरूनच घरं फुटतात.

बघायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, संध्याकाळी पाच ते सहा. "किती वाळलेत" हे वाक्य त्यांच्यासमोर नको, दारातच सांगा. आणि जवळचे असतील त्यांना सरळ म्हणा, तासभर बसाल का, मी जरा बाहेर जाऊन येते. लोक खरंच बसतात, फक्त त्यांना सांगावं लागतं.

तुमची झोप, तुमचं बीपी, तुमची कंबर, ही पेशंटच्या काळजीचाच भाग आहे. आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण सुट्टी, घरात दुसरं कुणीतरी आहे आणि तुम्ही बाहेर. चिडचिड होईल, मनात नको ते विचार येतील, "सुटतील तर बरं" असाही येईल आणि मग त्याची शरम वाटेल. हे दिवसरात्र सांभाळणाऱ्या बहुतेक सगळ्यांच्या मनात येतं, त्याने तुमचं प्रेम कमी होत नाही. कुणाशी तरी बोला, घरात नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. हात उगारावासा वाटला तर पेशंटला सुरक्षित झोपवून खोलीबाहेर जा, दहा मिनिटांनी या.

दर महिन्याला यादी बदला

एक वही करा, रोज बीपी, शुगर, शी झाली का, कातडी, किती वेळ बसले, एवढं लिहा. महिन्याच्या शेवटी त्यात बघा की त्यांना आता काय नवीन जमतंय आणि ते काम तुमच्या यादीतून काढून टाका. कप धरता येतो ना, मग कप तुम्ही धरायचा नाही. पलंगाच्या कठड्याला धरून बसता येतं ना, मग मागे उशी लावायची नाही. मावशींनाही हे सांगा, कारण त्या पटकन करून मोकळ्या होतात. आणि डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या, पहिला प्रश्न हा विचारा की पुढच्या महिन्यात यांच्याकडून अजून काय करून घ्यायचं.